गडग्यावरून येणारे ताट

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ‘ख्रिसमस’ हा शब्द शाळेच्या पुस्तकात आणि सुट्ट्यांच्या यादीत भेटतो. बोलण्यात मात्र नाताळच. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, कुठेही जा. हिंदू असो, मुसलमान असो की ख्रिस्ती, सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द. तो पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे जन्म. अरबी बोलणारे ख्रिस्ती याच सणाला ‘ईदुल मीलाद’ म्हणतात. मीलाद म्हणजेही जन्मच. २०१५ साली आपली ईद-ए-मीलाद २४ डिसेंबरला आली होती आणि दुसऱ्याच दिवशी नाताळ होता. त्या आठवड्यात आमच्या वाडीत कुठली रोषणाई कोणाच्या सणाची, हे बाहेरून आलेल्या पाहुण्याला विचारूनच घ्यावे लागले असते.

ज्यांच्या जन्माचा हा सण, ते आपल्यालाही परके नाहीत. कुरआनात हजरत ईसा (अलै.) यांचे नाव पंचवीस वेळा येते. त्यांच्या आई हजरत मरयम यांचे नाव चौतीस वेळा येते, आणि कुरआनात नावाने उल्लेख झालेल्या त्या एकमेव स्त्री आहेत. ९८ आयतींची एक संपूर्ण सूरह त्यांच्या नावाने आहे. फरक आहे तो श्रद्धेत, आणि तो लहान नाही. ख्रिस्ती बांधव ईसांना ईश्वराचा पुत्र मानतात. आपण त्यांना अल्लाहचे बंदे आणि प्रेषित मानतो. हा फरक आम्ही कधी झाकून ठेवला नाही, आणि गडग्यापलीकडच्या घरानेही कधी झाकला नाही. इतकी वर्षे चिऱ्यांचा तो कमरेएवढा गडगा मध्ये आहे आणि त्यावरून दर नाताळला ताट येते.

दोन वर्षांपूर्वी त्या ताटाबद्दल आमच्या घरात पहिल्यांदा प्रश्न उभा राहिला. डिसेंबर उजाडला की हल्ली मोबाइलवर संदेश फिरू लागतात : शुभेच्छा देऊ नका, त्यांच्या घरचे खाऊ नका, ईमान जाईल. कोणी लिहिले, कशाच्या आधाराने लिहिले, काही पत्ता नसतो. माझा नातू तेव्हा चौदा वर्षांचा होता. ताट आले, त्याने ते जाळीखाली झाकून ठेवले आणि स्वतः हात लावला नाही. संध्याकाळी हळूच विचारले, “दादी, हे खाल्लं तर चालेल का आपल्याला?”

मला राग आला नाही. प्रश्न खोडसाळपणाचा नव्हता; आपल्या हातून अल्लाहच्या आज्ञेबाहेर काही होऊ नये, या काळजीचा होता. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवले, तर तो उत्तर त्या मोबाइलमध्येच शोधतो. मी आलिमा नाही. प्राथमिक शाळेत शिकवण्यात आयुष्य गेले, त्यामुळे वाचायची आणि विचारायची सवय तेवढी आहे. त्या आठवड्यात मी वाचले, जाणकारांना विचारले आणि त्याला जे सांगितले, ते इथे लिहिते. इतर घरांतही हा प्रश्न विचारला जात असणार.

सुरुवात ताटापासूनच केली. जाळी काढली आणि एकेक पदार्थ दाखवला. ही नेवरी. गणपतीत शेजारी हिच्यासारखीच करंजी होते, आणि आपल्याही घरात होते. ही कलकल, मैद्याच्या छोट्या गोळ्या कंगव्यावर किंवा काट्यावर वळून तळलेल्या. हे दोस, हरभऱ्याची डाळ, खोबरे आणि साखर आटवून केलेले. आणि हे काळेभोर दोदोल. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ कढईत घालून तासन् तास ढवळत बसायचे. हात थांबला की खाली लागलेच. नातवाला मी विचारले, यातली कुठली वस्तू परदेशातून आली? तांदूळ, नारळ, गूळ, सगळे आपल्याच कोकणातले. मग त्याला सांगितले की मलेशिया आणि इंडोनेशियातले मुसलमान हेच दोदोल रमजानच्या शेवटी ईदसाठी करतात. इथे नाताळचे म्हणून ओळखले जाणारे गोड तिथे ईदचे आहे. पदार्थाला धर्म नसतो. तो ज्याच्या सणाला रांधावा, त्याचा होतो.

ताट पाठवण्याच्या रीतीलाही एक नाव आहे. आपल्याकडची बरीच ख्रिस्ती घराणी मूळची गोव्याकडची. घरात कोकणी, बाजारात मालवणी, शाळेत मराठी, असा त्यांचा संसार. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला आणि सावंतवाडी हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. पण लोकांच्या रीती त्याहून कितीतरी जुन्या. नाताळला शेजाऱ्यांकडे, सोयऱ्यांकडे आणि सासरी गेलेल्या लेकीकडे गोडाचे ताट पाठवतात, त्याला गोव्यात ‘कोंसुआद’ म्हणतात. हा शब्दही पोर्तुगीज. गंमत अशी, की आजच्या पोर्तुगालमध्ये याच शब्दाचा अर्थ मुख्यतः २४ डिसेंबरच्या रात्रीचे घरातल्या माणसांचे जेवण असा आहे. त्या जेवणात मानाचा पदार्थ कोणता? खारवून सुकवलेला कॉड मासा, उकडलेले बटाटे आणि कोबी. मालवणातल्या माणसाला हे सांगितले तर तो हसेल. सुका मासा आपल्याकडे पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना काढायचा! शब्द एकच, सण एकच. पण तिथे त्या शब्दाने घरचे लोक एका टेबलाभोवती गोळा होतात आणि इथे ताट घराबाहेर पडते.

सजावटीचेही तसेच. आपल्याकडे नाताळचा देखावा म्हणजे गोठा. गवत, चिखल, बांबू आणि मेंढरांची मातीची चित्रे. काही घरांतली मुले आधीपासून नाचणी किंवा गहू रुजत घालतात, म्हणजे सणापर्यंत गोठ्याभोवती हिरवे शेत तयार होते. दारावर चांदणी लागते, बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागदाची. दिवाळीचा आकाशकंदील बांधणाऱ्या हाताला ती बांधायला वेगळे शिकावे लागत नाही.

आपल्या महाराष्ट्रातच किती तऱ्हा आहेत! वसईकडचे ख्रिस्ती आपल्या सामवेदी बोलीत बोलतात आणि गातात. नगरकडे, जिथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आले, तिथल्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, लाडू असा दिवाळीसारखा फराळ होतो. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी येशूचे गुणगान कीर्तन-भजनाच्या चालीवर नेले; टाळ-मृदंगाच्या साथीने होणारी ख्रिस्ती भजने हा त्याच परंपरेचा वारसा. केरळातले सीरियन ख्रिस्ती नाताळआधी पंचवीस दिवस मांसाहार सोडतात. हे ऐकून नातू म्हणाला, “म्हणजे त्यांचे पण रोजेच?” रोजे नव्हेत, पण सणाआधी मनाला आणि जिभेला आवर घालायचा हा विचार आपल्याला ओळखीचा आहे.

मिसरमध्ये तर हा विचार आणखी जवळ येतो. तिथले कॉप्टिक ख्रिस्ती नाताळ ७ जानेवारीला करतात, कारण त्यांचे चर्च जुन्या पंचांगाप्रमाणे चालते आणि ते सध्या तेरा दिवसांनी मागे आहे. सणाआधी ४३ दिवस ते मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. मध्यरात्रीची प्रार्थना झाली की उपवास सुटतो आणि दस्तरखानावर येतो फत्ता : भात, भाजलेली रोटी, मांसाचा रस्सा. मिसरी मुसलमान बकरी ईदला हेच करतात. ईदुल फित्रला मुसलमानांच्या घरी पिठीसाखर भुरभुरलेली ‘काहक’ नावाची बिस्किटे होतात. नाताळला तीच ख्रिस्ती घरांत होतात. एकाच नाईलचे पाणी प्यायलेली ही दोन घरे. सण वेगळे आले, पण चूल एकच राहिली.

लेबनॉनमधली रीत मला सर्वांत आवडली. तिथे मूल जन्मले की ‘मुगली’ नावाची खीर करतात. तांदळाचे पीठ, दालचिनी, बडीशेप आणि शहाजिऱ्यासारखे मसाले, वरून सुकामेवा. मुसलमानाच्या घरी मूल झाले तरी मुगली, ख्रिस्त्याच्या घरी झाले तरी मुगली. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटी मिळते. आणि नाताळला ख्रिस्ती घरांत हीच खीर होते. का? कारण नाताळ म्हणजे एका बाळाचा जन्म, आणि जन्म झाला की शेजाऱ्यांचे तोंड गोड करायचेच.

इथे मी नातवाला सूरह मरयम काढायला सांगितली. ईसांच्या जन्माचे जे वर्णन कुरआन करते, त्यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. एकटी स्त्री आहे, वस्तीपासून दूर. प्रसववेदनांनी तिला खजुराच्या बुंध्यापाशी आणले आहे. लोक काय म्हणतील या विचाराने ती इतकी खचली आहे, की याआधीच मरून विस्मृतीत गेले असते तर बरे, असे तिच्या तोंडून निघते. आणि तेव्हा आवाज येतो : दुःख करू नकोस, तुझ्या पायथ्याशी झरा आहे, खोड हलव, ताजा खजूर पडेल, खा, पी, डोळे निववून घे (१९ : २३-२६). आपण मुली-सुनांची बाळंतपणे केलेल्या बायका हे वाचताना वेगळ्या वाचतो. त्या क्षणी अल्लाहने मरयमकडे सर्वांत आधी काय पाठवले? धीर, पाणी आणि खाणे.

मग मूळ प्रश्न राहिला : चालेल की नाही? जे मला मिळाले ते असे. ग्रंथधारकांचे अन्न तुम्हाला वैध आणि तुमचे अन्न त्यांना वैध, हे कुरआनात स्पष्ट आहे (५ : ५). जे धर्मासाठी तुमच्याशी लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागायला अल्लाह मनाई करत नाही (६० : ८). प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अबू जर (रजि.) यांना सांगितले होते, की रस्सा कराल तेव्हा पाणी थोडे जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, की आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवले का? शेजाऱ्याबद्दल जिब्रील (अलै.) यांनी इतक्यांदा ताकीद दिली, की त्याला वारसाहक्कही मिळतो की काय असे प्रेषितांना वाटले, ही हदीस त्यांनी तेव्हाच सांगितली.

सणाच्या दिवशी आलेल्या भेटीबद्दलही उलेमांनी विचार केलेला आहे. इमाम इब्ने तैमिया (निधन १३२८) इतरांच्या सणांत सामील होण्याबाबत अतिशय कडक होते. त्यांनीसुद्धा त्या दिवशी आलेली भेट स्वीकारायला हरकत घेतली नाही, आणि हजरत अली (रजि.) यांनी नवरोजची भेट स्वीकारल्याचा दाखला दिला. सणासाठी कापलेल्या जनावराचे मांस मात्र त्यांनी वर्ज्य ठेवले. शुभेच्छा देण्याबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत. कोणी मनाई करतात, कोणी शेजारधर्म म्हणून परवानगी देतात. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या जाणकाराला विचारावे. पण निनावी संदेशाला मुफ्ती करू नये.

हद्द आहेच, आणि ती असावी. आम्ही चोवीसच्या रात्री चर्चमधल्या मिसला जात नाही. आमच्या ईदगाहवर तेही येत नाहीत. कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. हजरत उमर (रजि.) जेरुसलेमला गेले, तेव्हा नमाजाची वेळ झाली. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये नमाज पढण्याची त्यांना विनंती झाली, पण त्यांनी ती बाहेर पढली. आपण आत पढलो तर पुढचे मुसलमान या जागेवर हक्क सांगतील, असे त्यांना वाटले, असे इतिहासकार लिहितात. प्रार्थनेत सामील न होणे हाही शेजाऱ्याचा मान राखण्याचा एक मार्ग असतो. नजरानचे ख्रिस्ती मदीनेला आले, तेव्हा ईसांबद्दल प्रेषितांशी त्यांची चर्चा झाली. एकमत झाले नाही. तरी त्यांना मस्जिदीत त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिली गेली, असे सीरतच्या ग्रंथांत आहे, आणि शेवटी करार झाला.

अशी हद्द आमच्या गडग्यावरही पाळली जाते, न बोलता. पलीकडच्या घरी नाताळला डुकराच्या मांसाचे सोरपोतेल होते. ते आमच्याकडे कधी आलेले नाही. केक करायचा तर आमचा वेगळा. पलीकडची मावशी ताट देताना दरवर्षी तेच वाक्य म्हणते, “ह्यां ताट तुमचां. केकात वाईन घालूक नाय, वेगळो केलंय.” २००० साली नाताळ रमजानमध्ये आला होता. त्या वर्षी ताट दुपारी आले नाही, मगरिबच्या अजानच्या थोडे आधी आले. आम्हीही लक्ष ठेवतो. २०२५ ची रमजान ईद ३१ मार्चला होती आणि तेव्हा त्यांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू होता. आम्ही बिर्याणी पाठवली नाही. शीरखुर्मा आणि सांदणे पाठवली, आणि बिर्याणी ईस्टर झाल्यावर खास वेगळी केली.

एक गोष्ट नातवाला माहीत नव्हती, ती मी शेवटी सांगितली. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तिथे नाताळचे गोड करत नाहीत. पलीकडचे काका गेले, त्या वर्षी त्यांच्या दारावर चांदणी लागली नाही, कढई चुलीवर चढली नाही. लहान मुले मात्र होती, आणि दिवस नाताळचा होता. त्या वर्षी ताट उलट दिशेने गेले. माझ्या सासूबाईंनी करंज्या केल्या, नारळाच्या वड्या केल्या, आणि गडग्यावरून दिल्या. मावशीने ताट हातात घेतले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. कोणी काही बोलले नाही. त्या ताटात कोणाची पूजा नव्हती, कोणाचे मत नव्हते. एका घरावर दुःख आले होते आणि दुसऱ्या घराला ते दिसले होते.

“हे ताट आपण नाकारलं,” मी नातवाला म्हटले, “तर आपला ईमान वाढणार नाही. फक्त पुढच्या वेळी कोणाच्या घरी काही झालं, तर ताट कुठून द्यायचं, ती वाट बंद होईल.” त्याने थोडा वेळ विचार केला आणि दोदोलचा तुकडा उचलला. आपल्याकडे शेजारचे ताट रिकामे परत करत नाहीत. धुऊन, पुसून, त्यात खजूर घालून तोच गडग्याकडे घेऊन गेला.

भगिनींनो, घरातल्या मुलांनी असे प्रश्न विचारले तर विचारू द्या. श्रद्धा कुठे वेगळी आहे ते त्यांना स्वच्छ सांगा. काय खायचे नाही तेही सांगा. पण शेजाऱ्याचा हक्क काय, हेही त्याच दमात सांगा, कारण तोही दीनचाच भाग आहे.

चंद्राच्या हिशेबाप्रमाणे २०३० मध्ये रमजान दोनदा येणार आहे, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. नाताळनंतर एक-दोन दिवसांतच पहिला रोजा असेल. नातू तेव्हा एकवीस वर्षांचा असेल. मी असेन की नाही, अल्लाह जाणे. पण पहिल्या इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर असेल, तोच जो मरयमला मिळाला होता, आणि त्याच्या शेजारी, इन्शाअल्लाह, पलीकडच्या घरचे दोदोलही असेल.